थांबण्याची नोकरी

लांब पल्ल्याची मालवाहतूक म्हणजे एका राज्यात भरलेला माल मधली दोन-तीन राज्ये ओलांडून दूरच्या राज्यात नेऊन उतरवणे, अशी सर्वसाधारण व्याख्या करता येते. ती चुकीची नाही, पण तिच्यात फक्त माल भरण्याचा आणि उतरवण्याचा उल्लेख असल्यामुळे मधला सगळा वेळ गाडी चालत असावी असा समज होतो, आणि नेमका हाच समज उराशी बाळगून नवे तरुण या व्यवसायात पाऊल ठेवतात. न्हावा शेवा बंदरातून निघालेल्या गाडीला दिल्ली गाठण्यासाठी सुमारे 1,400 किलोमीटर कापावे लागतात. ताशी सरासरी 40 किलोमीटर धरले तर हा प्रवास 35 तासांचा होतो, म्हणजे दीड दिवसाचाही नाही. प्रत्यक्षात चालक घराबाहेर पडून पुन्हा घरी टेकेपर्यंत पंधरवडा सहज उलटतो. उरलेल्या दिवसांचे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि नव्या चालकाचे खरे शिक्षण तर या उरलेल्या दिवसांतच होत असते. गाडी चालवणे तो परवान्याबरोबर थोडेफार शिकून आलेला असतो; थांबायचे कुठे, किती वेळ, कोणाच्या दारात आणि कोणता चेहरा करून, हे मात्र त्याला कोणत्याही मोटार ट्रेनिंग स्कूलने सांगितलेले नसते.

परवान्याची हकिकत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन वाहन, म्हणजे भाड्याने माल किंवा माणसे नेणारे वाहन, चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती; ती 2019 साली केंद्र सरकारने काढून टाकली. (ती होती तेव्हाही, फलक वाचता येणारा चालक आणि वाचता येण्याजोगा फलक यांची महामार्गावर एकाच ठिकाणी गाठ पडणे हा योगायोगच असे.) चाचणी बहुधा रिकाम्या गाडीवर, सपाट मैदानात, दिवसाउजेडी आणि आजूबाजूला चार माणसे उभी असताना होते, नोकरी मात्र भरल्या गाडीवर, घाटात, रात्री आणि एकट्याने करायची असते. दोन्हीकडे 'जड वाहन' हा शब्दप्रयोग समान असल्याने परिवहन खात्याचे समाधान होते. जड म्हणजे किती, याचेही उत्तर स्थिर नाही: दहा टायरच्या गाडीला मालासकट 25 टनांची मुभा होती, ती 2018 मध्ये 28.5 टन करण्यात आली, आणि मर्यादा वाढल्यामुळे जादा भरण्याची सवय सुटेल अशी आशा कोणी बाळगली असेल तर ती भोळी ठरली, कारण कमाल मर्यादेलाच किमान समजण्याची या धंद्याची रीत आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये असा दंड ठरला. तेव्हापासून काट्यावर, म्हणजे गाडी वजन करण्याच्या जागी, चालक स्वतः केबिनमधून खाली उतरून उभा राहतो आणि आपण आपल्यापुरते कायदा पाळला असे मानतो.

पूर्वी या शिक्षणाची एक परंपरा होती. होऊ घातलेला चालक आधी काही वर्षे किन्नर असे. क्लीनर या पदनामाचे हे रस्त्यावरचे मराठी रूप, आणि गाडीवरील उतरंडीत त्याची पायरी शेवटची. त्याच्या वर उस्ताद, म्हणजे मुख्य चालक. किन्नराने पहाटे काच पुसावी, टॉमीने, म्हणजे चाक खोलताना वापरायच्या लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखावी, हौद्यावर ताडपत्री ओढून दोर असा आवळावा की पाऊस आत आणि पोते बाहेर जाऊ नये, चढावर गाडी थांबली की चालत्या पावली उडी टाकून मागच्या चाकाला उटी, म्हणजे गाडी मागे सरू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा, लावावी आणि गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे' असे म्हणत राहावे. मोबदल्यात उस्ताद एखाद्या रात्री मोकळा रस्ता पाहून दहा-वीस किलोमीटर स्टिअरिंग त्याच्या हाती देई आणि शेजारी झोपेचे सोंग घेऊन पडून राही. ते सोंग असल्याचे किन्नराला ठाऊक असे, आणि ते त्याला ठाऊक आहे हे उस्तादालाही. शिव्या भरपूर खाव्या लागत, पण कोणत्या चुकीला कोणती शिवी हे पक्के ठरलेले असल्यामुळे अभ्यासक्रम सुटसुटीत होता.

डिझेलचा भाव चढत गेला, भाडे त्या मानाने चढले नाही, तेव्हा मालकांनी या दोहोंमधली फट बुजवण्यासाठी आधी किन्नराचा पगार कमी केला आणि पुढे किन्नरच वगळला. त्यामुळे आजचा नवा चालक अनेकदा एकटा निघतो, आणि पूर्वी पाच वर्षांत मिळणारे ज्ञान त्याला मोबाइलवरील चित्रफितींतून आणि पहिल्या महिन्यातील खरचटण्यातून गोळा करावे लागते. गाडी मागे घेणे ही त्यातली सर्वांत कठीण परीक्षा होय. किन्नराची जागा आता जनतेने घेतली आहे. मागे येणारे मोठे वाहन दिसले की रस्त्यावरील कोणत्याही गृहस्थाला त्याचे मार्गदर्शन करण्याची अनावर ऊर्मी येते. चहावाला, शाळकरी मुलगा, पेन्शनर, ज्याला सायकलही येत नाही असा माणूस, सारे हातवारे करत 'येऊ दे' म्हणू लागतात. या मार्गदर्शनात जबाबदारीचा अंश नसतो. 'येऊ दे' हे गाडी भिंतीला टेकेपर्यंत चालते आणि टेकल्यानंतर 'बास' म्हटले जाते.

कामाची सुरुवात माल भरण्यापासून होते, आणि माल भरणे म्हणजे माल भरला जाण्याची वाट पाहणे होय. चाकणच्या कारखान्यातील सुटे भाग असोत, भिवंडीच्या गोदामातील खोकी असोत, 'सकाळी नऊला गाडी लाव' हा निरोप मिळालेला असतो, आणि नवा चालक नऊ वाजता गाडी लावतो. यावरूनच तो नवा आहे हे फाटकावरच्या रखवालदाराला कळते. जुना चालक नऊ वाजता नंबर लावून, म्हणजे वहीत गाडीची नोंद करून, ताडपत्रीच्या गुंडाळीवर डोके टेकतो, कारण प्रत्यक्ष हाक दुपारी, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येणार हे त्याला ठाऊक असते. आत जायचे तर बूट हवेत, चप्पल चालत नाही, असा सुरक्षेचा नियम अनेक ठिकाणी आहे. तो चांगलाही आहे. मात्र ज्याला बुटांशिवाय आत घेत नाहीत, त्याने बाहेर रणरणत्या उन्हात आठ तास कोठे बसावे, यासाठी सुरक्षेचा कोणताही नियम आढळत नाही. याला अपवाद कच्च्या मालाचा. पिंपळगाव बसवंतचा कांदा, रावेरची केळी असा नाशवंत माल या धंद्यात कच्चा माल म्हणून ओळखला जातो, आणि तो भरताना कोणीही चालकाला थांबवत नाही. उलट त्याने झोपही थांबवावी अशी अपेक्षा असते. केळ्याला पिकण्याची घाई असते आणि मालकाला केळ्याची, त्यामुळे अशा गाडीवरील चालक हा रस्त्यावरील एकमेव माणूस असतो की ज्याला फळ हाकत नेते.

माल भरल्यावर कागद मिळतात. त्यांतील बिल्टी म्हणजे वाहतूकदाराने मालाबद्दल दिलेली पावती, आणि ई-वे बिल म्हणजे वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत माल हलवण्यासाठी संगणकावर काढायचा दाखला. आंतरराज्य वाहतुकीसाठी तो 1 एप्रिल 2018 पासून सक्तीचा झाला. या दाखल्याची मुदत साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरमागे एक दिवस अशी असते, म्हणजे दिल्लीच्या गाडीला सरकार सात दिवस देते. मालक तीन दिवस देतो. ज्याचा माल आहे तो कालच पोहोचायला हवा होता असे म्हणतो. नवा चालक या तिघांपैकी सरकारवर विश्वास ठेवतो आणि पहिल्याच फेरीत मालकाच्या मनातून उतरतो.

यानंतर, अखेर, गाडी चालते. रस्त्याचे हे सुख नाकारण्यात अर्थ नाही. मनोर आणि चारोटी मागे टाकून, अच्छाडपाशी राज्य ओलांडून, वापी, किम, भरूच करत गाडी उत्तरेकडे लागते, मग शामलाजीनंतर राजस्थान सुरू होते आणि उदयपूर, किशनगड, बेहरोर ही नावे चालकाच्या तोंडी गावातल्या आळ्यांसारखी सहज येऊ लागतात. पूर्वी या वाटेवर थांबण्याची ठिकाणे अधिक होती. भरूचजवळ नर्मदेवरच्या अपुऱ्या पुलापाशी लागणाऱ्या रांगांची वर्णने जुने चालक अजून करतात, आणि 2017 मध्ये नवा पूल झाल्यानंतर धंद्यात आलेले चालक ती वर्णने, घरातील नातवंडे आजोबांकडून बहात्तरच्या दुष्काळाची हकिकत ऐकतात तशी, आदराने पण काहीशा अविश्वासाने ऐकतात. त्याच वर्षी 1 जुलैला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले; 2021 च्या फेब्रुवारीत टोलनाक्यावर फास्टॅग, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या पट्टीतून आपोआप पैसे वळते होण्याची सोय, सक्तीचा झाला. वेळ वाचला हे खरे. परंतु सुट्या पैशांवरून टोलनाक्यावर होणारा वाद हा एकट्या चालकाचा दिवसभरातील पुष्कळदा एकमेव संवाद असे, तोही त्याबरोबर गेला.

चालवण्याच्या भागात दोन विषय सविस्तर अभ्यासण्यासारखे आहेत, आणि त्यांपैकी पहिला उताराचा. मालक डिझेल मोजून देतो: गाडीने एका लिटरमध्ये किती किलोमीटर जावे हे ठरलेले असते, त्याला अ‍ॅव्हरेज म्हणतात, आणि भरलेल्या मोठ्या गाडीचे ते तीन-चार किलोमीटरच्या आसपास असते. वाचले तर चालकाचे, कमी पडले तर पगारातून कापायचे, असा हिशेब अनेक ठिकाणी चालतो. उतारावर डिझेल वाचवण्याचा सोपा उपाय म्हणजे गाडी न्यूट्रल करणे, त्याहून धाडसी उपाय म्हणजे इंजिनच बंद करणे. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना मागे ओढून धरते, हा आधार न्यूट्रलमध्ये नाहीसा होतो. इंजिन बंद केल्यास ब्रेकसाठी हवेचा दाब तयार करणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो आणि स्टिअरिंग जड होते. मग सगळा भार ब्रेकवर येऊन तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर या अर्थशास्त्राचे परिणाम वर्तमानपत्रांतून वारंवार वाचायला मिळतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या उस्तादांचा नियम भौतिकशास्त्राला धरून आहे. वाचलेले दोन लिटर डिझेल चालकाच्या पदरात टाकणारा नियम कशाला धरून आहे, याचा विचार तो घालून देणाऱ्यांनी करावा. इथे विनोद करण्यासारखे काही नाही.

दुसरा विषय उजव्या इंडिकेटरचा. पुस्तकाप्रमाणे उजवा इंडिकेटर म्हणजे 'गाडी उजवीकडे वळत आहे'. महामार्गाच्या रूढीप्रमाणे पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ 'समोर रस्ता मोकळा आहे, खुशाल पुढे जा' असा होऊ शकतो, काही चालकांच्या मते 'समोरून गाडी येत आहे, मुळीच पुढे येऊ नका' असा होतो, आणि क्वचित असेही घडते की ट्रक खरोखरच उजवीकडे वळतो. चौथी शक्यता अशी की मागच्या वळणावर दिलेला इंडिकेटर बंद करायचा राहून गेला आहे. नव्या चालकाने या चार अर्थांतून योग्य तो अर्थ ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने निवडायचा असतो. रात्री यात डिपरची, म्हणजे दिव्यांची उघडझाप करून बोलण्याच्या भाषेची, भर पडते: एकदा म्हणजे 'मी आलो', दोनदा म्हणजे 'तू ये', आणि सतत म्हणजे भांडण. उलट गाडीच्या पाठीवरचा मजकूर सर्वांना वाचता येतो. 'हॉर्न ओके प्लीज' या सुप्रसिद्ध अक्षरांवर महाराष्ट्र शासनाने 2015 च्या एप्रिलमध्ये, हॉर्न वाजवण्यास प्रोत्साहन मिळते म्हणून, बंदी घातली; तरी आईचा आशीर्वाद, गावदेवाचे नाव, मालकाच्या मुलांची नावे आणि त्यांखाली पुन्हा भेटण्याचे आश्वासन असा बराच मजकूर उरतोच. तो मालकाने निवडलेला आणि पेंटरने रंगवलेला असतो. महामार्गावर हा मजकूर ज्याला कधीच दिसत नाही असा एकच माणूस असतो, आणि मागच्या गाडीतले प्रवासी त्यावरून ज्याच्या स्वभावाची कल्पना करत असतात तोही तोच.

ढाब्याविषयी साहित्यात आणि चित्रपटांत इतका सुग्रास मजकूर आलेला आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. एवढेच नोंदवावे की चालक ढाबा निवडतो तो डाळीच्या चवीवरून नव्हे, तर गाडी लावायला जागा, अंघोळीला हौद आणि डिझेलच्या टाकीवर नजर ठेवणारा रात्रीचा माणूस यांवरून. डिझेलचोर, ताडपत्रीचोर आणि स्टेपनीचोर, म्हणजे जादा चाक पळवणारा, हे तीन भिन्न व्यावसायिक असून ते एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करत नाहीत. त्यामुळे नवा चालक केबिनमध्ये झोपतो तेव्हा एक कान टाकीकडे, एक दोराकडे आणि दोन्ही डोळे मोबाइलकडे लागलेले असतात. उन्हाळ्यात इंजिनाची धग केबिनमध्ये पहाटेपर्यंत टिकते, खिडकी उघडावी तर डास आणि लावावी तर गुदमर, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे होण्यास 2025 साल उजाडावे लागले. त्याआधी गाडीतील केळी गार राहावीत म्हणून बर्फ लावणारे लोक होते.

परराज्यात चालकाचे नाव संपते. ढाब्यावर, पंक्चरच्या दुकानात, काट्यावर त्याला गाडीच्या पाटीवरून हाक मारली जाते आणि 'ओ एमएच' ऐकले की साताऱ्याचा असो वा बीडचा, तो वळून पाहतो. अशा वेळी किशनगडला एखाद्या रात्री शेजारी येऊन थांबलेल्या गाडीवर एमएच अकरा, म्हणजे सातारा जिल्ह्याचा क्रमांक, दिसला तर जो आनंद होतो तो मोजण्याचे परिमाण अद्याप निघालेले नाही. दोघांच्या गावांत सत्तर किलोमीटरचे अंतर असते, गावी असते तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलेही नसते, पण इथे भाकरीचे पीठ निघते, स्टोव्ह पेटतो, मिरचीचा ठेचा वाटून घेतला जातो आणि दोन्ही मालकांची निंदा मराठीतून करता येते. ही निंदा हिंदीतून तितकीशी चढत नाही.

मोबाइलमुळे एकटेपणा कमी झाला असे म्हणतात. प्रत्यक्षात दिवसभरात चालकाला चार माणसे एकच प्रश्न विचारतात, 'कुठवर आलास?', आणि चौघांना चार उत्तरे द्यावी लागतात. दलालाला तो प्रत्यक्षापेक्षा पन्नास किलोमीटर पुढे असतो, ज्याचा माल आहे त्याला शंभर किलोमीटर पुढे, आईला किंवा बायकोला तो नेहमी जेवून नुकताच आडवा झालेला असतो. मालकाला खरे सांगावे लागते, कारण गाडीवर ठावठिकाणा दाखवणारे यंत्र बसवलेले असते आणि मालक ते घरबसल्या पाहतो. या यंत्राने गाडी उभी आहे हे कळते. ती का उभी आहे हे कळत नाही, त्यामुळे निसर्गाच्या हाकेलाही मालकाच्या हाकेचे उत्तर देणे क्रमप्राप्त होते.

मुक्कामाचे शहर आले की प्रवास संपला असे नवख्याला वाटते, आणि इथे तो प्रवेशबंदीपाशी येऊन थांबतो. मोठ्या शहरांत जड गाड्यांना दिवसाच्या बऱ्याच वेळी आत सोडत नाहीत. कारण रास्त आहे, आणि शहरातील दुकानांना लागणारा माल त्याच गाड्यांत असतो हेही तितकेच खरे आहे. रात्री गाडी आत शिरते, पहाटे गोदामापाशी लागते, आणि माल उतरवण्याच्या रांगेत पुन्हा नंबर लागतो. महाराष्ट्रात या टप्प्यावर वराईचा प्रश्न येतो. वराई म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा जो भाग रूढीने गाडीवाल्याकडून घेतला जातो तो. माल एकाचा, तो हवा दुसऱ्याला, उतरवणारा तिसरा आणि पैसे देणारा चौथा, ही रचना वाहतूकदारांच्या संघटनांना अनेक वर्षे मान्य नाही, आणि तिच्या विरोधात ठराव होत असतात. पोते पाठीवर वाहणाऱ्या माथाडींसाठी 1969 साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, मंडळे नेमली, आणि तो कायदा देशात नावाजला गेला, हे योग्यच झाले. तेच पोते हजार किलोमीटर आणणाऱ्याची नोंद मात्र बिल्टीवर गाडीच्या क्रमांकाखाली, मोबाइल नंबरापुरती असते. उतरवून झाल्यावर पोच मिळते. पोच म्हणजे माल पूर्ण आणि शाबूत मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, आणि ती मालकाच्या हाती पडल्याशिवाय भाड्याची बाकी रक्कम सुटत नाही, म्हणून चालक स्वतः भिजला तरी पोच भिजू देत नाही.

आता परतीचे भाडे. रिकामी गाडी परत नेणे म्हणजे डिझेल आणि टोल यांचा निव्वळ तोटा, त्यामुळे परतीचा माल मिळेपर्यंत गाडी ट्रान्सपोर्टनगरात, म्हणजे शहराबाहेर ट्रकांसाठी राखलेल्या वसाहतीत, उभी राहते. इथे दलालाचे ऑफिस असते. ऑफिसात एक बाक, तीन देवांचे फोटो आणि 'शाम को बताता हूँ' हे वाक्य असते. हे वाक्य सकाळी, दुपारी आणि संध्याकाळीही बोलता येते. एक दिवस, तीन दिवस, सण मध्ये आला तर आठवडा. कपडे धुऊन होतात, टपावर वाळतात, केबिनमधील देवाचा हार बदलला जातो, गावाकडे ठरलेल्या बघण्याच्या कार्यक्रमाची तारीख पुढे ढकलली जाते. मुलीकडचे विचारतात की मुलगा काय करतो; घरचे सांगतात की गाडीवर असतो. त्या घटकेला तो गाडीखाली, सावलीत, पत्ते खेळत असतो.

या थांबण्याला कायद्याने काय मानले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांचे काम ठरवले. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन ते अनुक्रमे 10 आणि 54 तासांपर्यंत नेता येत असे, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच हा कायदा लागू होता, आणि देशातील बहुतेक ट्रकमालकांकडे मोजक्याच गाड्या असल्याने तो ज्यांना लागू नाही अशांचीच संख्या मोठी राहिली. त्यातील कामाच्या तासांची व्याख्या मात्र मुळातून वाचण्यासारखी आहे: गाडी चालू असतानाचा काळ कामात, कागदपत्रांसारख्या पूरक कामाचा काळ कामात, आणि शेवटच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा काळ, तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर, कामात. म्हणजे चौदा मिनिटे ताटकळणाऱ्याने काम केले, आणि चौदा तास ताटकळणाऱ्याचे काय, यावर व्याख्या अवघडून गप्प बसते. मालक त्या गप्प बसण्याचा अर्थ 'आराम' असा करतो, आणि आराम करून ताजातवाना झालेल्या चालकाने रात्रभर गाडी हाकावी, असे त्याचे पुढचे म्हणणे असते.

2024 च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी आपण होऊन थांबून दाखवले. नव्या न्यायसंहितेच्या कलम 106 मधील दुसऱ्या उपकलमात, अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. कळवण्यासाठी जागेवर थांबलो तर जमाव जिवंत ठेवील काय, हा चालकांचा प्रश्न होता. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनासे झाले, पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या, आणि मोटारीत बसलेल्या नागरिकांनी तासन्‌तास जागच्या जागी उभे राहण्याचा अनुभव घेऊन त्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. संहिता त्या वर्षी 1 जुलैला लागू झाली तेव्हा ते उपकलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले.

कायदे बदलण्यास वेळ लागतो. फाटक बदलण्यास लागत नाही. ज्या वाचकांचे गोदाम, कारखाना किंवा बाजार समितीत गाळा असेल, किंवा अशा ठिकाणी ज्यांचा शब्द चालत असेल, त्यांनी फाटकाबाहेर एक नळ, एक संडास आणि दहा माणसे बसतील एवढी सावली करावी, आणि गाडी आत घेण्याची वेळ मोठ्या अक्षरांत फाटकावर लिहावी. लिहिलेली वेळ पाळण्याची सक्ती पहिल्या वर्षी केली नाही तरी चालेल.